पोते किती किलोचे आणि पाठ किती किलोची?



साखरेचे पोते एकदा गोदामातून बाहेर पडले की आपला त्याच्याशी संबंध उरतो तो दरापुरता. मुंबईला काय भाव चालला, टेंडर कितीला गेले, उचल वेळेवर झाली की नाही, एवढेच आपण विचारतो. ते पोते कोणाकोणाच्या पाठीवरून जाऊन शेवटी गिऱ्हाइकाच्या डब्यात रिकामे होते, हा प्रश्न वार्षिक सभेत कोणी उभा राहून विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारायला हरकत नाही. त्या पाठींतल्या पुष्कळशा आपल्याच भागातल्या आहेत.

दहिसरचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतले हे उत्तरेचे शेवटचे टोक. अहमदाबादकडचा हमरस्ता मुंबईत शिरतो तो इथल्या चेकनाक्यावरून. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. तोवर मालगाड्यांची इथे रांग लागलेली असे. एप्रिल २०२२ पासून दहिसरच्या डोक्यावरून मेट्रो धावते. पण स्टेशनाजवळच्या गल्लीतल्या किराणा दुकानात साखर कशी जाते ते पाहिले तर पन्नास वर्षांत काही बदललेले नाही. टेम्पो कोपऱ्यावर उभा राहतो, तिथून दुकानापर्यंत आणि दुकानातून शिडीने पोटमाळ्यावर पोते जाते ते माणसाच्या पाठीवरूनच.

हिशेब करून पाहा. कारखान्याच्या गोदामात थप्पी लागताना एकदा, ट्रक भरताना दुसऱ्यांदा, नवी मुंबईच्या घाऊक बाजारात उतरताना तिसऱ्यांदा, किरकोळ दुकानदाराच्या टेम्पोत चढताना चौथ्यांदा, दहिसरला उतरताना पाचव्यांदा आणि पोटमाळ्यावर जाताना सहाव्यांदा. कुठे पट्टा असेल, ढकलगाडी असेल, तर एखादी खेप वाचते. दहा टनांच्या ट्रकमध्ये ५० किलोची २०० पोती बसतात. म्हणजे एका ट्रकमागे हजार-बाराशे वेळा कोणी ना कोणी पोत्याला अंग देतो.

माथ्यावरचे ओझे

हे काम करणाऱ्याला मुंबईत माथाडी म्हणतात. माथ्यावरून ओझे नेतो तो माथाडी. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांनी मुंबईला गिरणी कामगार दिले तसेच माथाडीही दिले. पाऊस बेभरवशाचा, जमीन तुटपुंजी. थोरला रानात राहिला, धाकटा दाणाबंदरला गेला. आज आपल्या सभासदांत असे कितीतरी असतील ज्यांच्या शेअरचे पहिले पैसे मुंबईहून मनिऑर्डरने आले.

त्या काळी साखरेचे पोते क्विंटलचे होते, म्हणजे १०० किलोचे. माल व्यापाऱ्याचा, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, आणि हमाल कोणाचा? कोणाचाच नाही. पाठ मोडली तर दाद मागायची कुणाकडे, हेच ठरलेले नव्हते. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना बांधली, आणि १९६९ साली विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मालक आणि कामगार दोघांनी मंडळाकडे नोंद करायची, मजुरी व तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला पगार, फंड, बोनस द्यायचा, अशी त्याची घडण. रोजंदारीवरच्या ओझेवाल्यासाठी असा कायदा करणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. २०२५ च्या डिसेंबरात, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. गोणीचे वजन कमी करा, ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे सोडली नाही.

बाहेरही हाच विचार चालला होता. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाला नेहमीच्या कामात ५५ किलोंपेक्षा जास्त ओझे हाताने वाहायला लावू नये, आणि स्त्रियांचे ओझे त्याहून पुष्कळच कमी असावे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होण्याचा संभव असेल एवढे जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये, असे लिहिले होते. पुढे साखरेचे पोते ५० किलोवर आले. कांदा-बटाट्याच्या गोणीवरून मात्र वाद चालूच राहिला. ५० किलोंवरची गोणी उतरवणार नाही म्हणून वाशीच्या बाजारात माथाडींनी काम थांबवल्याचे प्रसंग अलीकडच्या वर्षांतलेच आहेत. व्यापारी म्हणतो, शेतकरीच गोणी ठासून भरून पाठवतो. यात तो अगदीच खोटे बोलतो असे नाही.

युरियाची गोणीसुद्धा २०१८ पासून ५० ची ४५ किलोंची झाली. ती आपल्या पाठीसाठी नव्हे. खताचा वापर कमी व्हावा म्हणून. पण पाठीला पाच किलोंची सवलत मिळाली ती मिळालीच.

दहिसरला एका नातलगाकडे जाणे झाले तेव्हा टेम्पो रिकामा करणाऱ्या टोळीतल्या एका गृहस्थाशी चहाच्या टपरीवर बोलणे झाले. पन्नाशी उलटलेली, बोलणे सातारकडचे. त्यांना विचारले, "मामा, एवढं पोतं उचलता कसं?"

"उचलतंय कोण?" ते म्हणाले. "पोतं उचलायचं नसतं पावणं, घ्यायचं असतं. टेम्पोच्या फाळक्यापाशी पाठ लावायची, वरचा गडी पोतं सरकवून देतो. भुईवरचं पोतं एकट्यानं उचलणारा गडी आमच्या टोळीत चालत न्हाई."

"आणि पोटमाळ्यावर?"

"त्ये आता पोरं करत्यात. मी खालनं देतो. चार वर्षं झाली, गुडघा बोलाय लागला तवा सांगून टाकलं टोळीला. आधी लाज वाटली. मग लाजंनं काय पोट भरत न्हाई म्हटलं."

तागडीचा हिशेब

पोते "घ्यायचे", उचलायचे नाही, या बोलण्यात सगळे शास्त्र आले. ते कसे, हे आपल्या रोजच्या वस्तूंवरूनच सांगतो.

पहारीने दगड हलवताना आपण टेकू दगडाजवळ ठेवतो आणि लांब टोकाला जोर लावतो. थोड्या जोराने मोठा दगड हलतो. वाकून ओझे उचलताना आपल्या कमरेत नेमके याच्या उलटे घडते. टेकू म्हणजे कमरेचा मणका. पुढे हात लांब करून धरलेले ओझे हे लांब टोक, आणि मणक्यामागचे स्नायू हे आखूड टोक. हे आखूड टोक जेमतेम ५ सेंटिमीटरचे, म्हणजे दोन इंचांचे. समजा २० किलोंची बादली मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली. आठपट अंतर झाले. मागच्या स्नायूंना १६० किलोंची ओढ द्यावी लागते, तेव्हा कुठे तागडी समतोल राहते. शिवाय वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन वेगळेच. तीच बादली पोटाशी घेऊन अंतर निम्मे केले तर ओढ ८० वर येते. बादली तीच आणि माणूसही तोच.

आता हमालाच्या पाठीवरचे पोते पाहा. ते मणक्याच्या जवळजवळ वरच आहे, पुढे नाही. म्हणून ५० किलो घेऊन तो तुरुतुरु चालतो, आणि आपण ट्रॉलीच्या तळातली गोणी वाकून ओढताना कंबर धरून बसतो. याचा अर्थ पाठीवरच्या ओझ्याने काही होत नाही असा नाही. वर्षानुवर्षे डोक्या-मानेवर ओझे घेतल्याने मानेचे मणके झिजतात, गुडघे जातात. ती इजा हळूहळू होते, म्हणून दिसत नाही एवढेच.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने उचलण्याचे एक गणित बसवले आहे. त्यात सर्व गोष्टी अनुकूल असतील तर ओझ्याची मर्यादा धरली आहे २३ किलो. अनुकूल म्हणजे ओझे अंगालगत, जमिनीपासून अडीच फुटांवर, पकड चांगली, कमरेत पीळ नाही आणि खेपा थोड्या. ओझे अंगापासून दुप्पट लांब गेले की मर्यादा साडेअकरा किलोंवर येते. खेपा वाढल्या की आणखी खाली. आपल्यापैकी कोणी हा आकडा ऐकून हसेल. "तेवीस किलो तर माझी म्हातारी उचलंल." उचलेलही. प्रश्न एकदा उचलण्याचा नाही, तीस वर्षे उचलण्याचा आहे. ५० किलो ही बाजारात तडजोडीने ठरलेली हद्द आहे, शरीराने मान्य केलेली नव्हे. या हिशेबाने ५० किलोंची गोणी ही दोघांनी धरायची वस्तू ठरते.

पण आपल्याकडे दोघांनी धरली तर इभ्रत जाते! मारुतीच्या देवळापुढची दगडी गोटी ज्याने खांद्यापर्यंत नेली त्याचे नाव अजून गावात निघते. तो खेळ होता, अंग कमावलेल्या पोराचा, वर्षातून एखाद्या दिवसाचा. खताची गोणी काही यात्रेतली गोटी नाही. ती एकट्याने उतरवली म्हणून कोणी फेटा बांधत नाही.

वस्तीवरच्या गोष्टी

थंडीच्या दिवसांत पहाटे उठून लगेच वाकून जड काम करणे सर्वांत वाईट. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, आणि त्या वेळी वाकले की त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावरचा पहिला तास हलक्या कामाचा ठेवावा. धारा काढा, वैरण टाका, चालून या, मग गोणीला हात घाला. तसेच ट्रॅक्टरचे. दोन-तीन तास हिसके खात बसलेला माणूस उतरतो आणि उतरल्या-उतरल्या ट्रॉलीतली डीएपी ओढायला लागतो. पाच-दहा मिनिटे चालून घ्यायला काय लागते?

गोणी जमिनीवर टाकू नये. जमिनीवर टाकलेली गोणी पुन्हा जमिनीवरूनच उचलावी लागते. खोलीत अडीच फुटांचा एक कट्टा किंवा जुनी बाज ठेवून तिच्यावर थप्पी लावली तर निम्मे दुखणे टळते. ट्रॉलीतून काढताना गोणी आधी फाळक्यापर्यंत सरकवून घ्यावी आणि अंगाशी आणून मगच धरावी. वळायचे तर पाय वळवावेत. पाय रोवून कमरेत पीळ देऊन गोणी बाजूला फेकणे, ही आपल्याकडची सर्रास सवय, आणि चमक भरते ती नेमकी तेव्हाच. दोघे असतील तर एकाने हाक द्यायची, दोघांनी एकदम धरायचे आणि एकदमच सोडायचे. एकाने आधी सोडले की सगळा भार दुसऱ्यावर जातो.

विहिरीतली मोटार तर माणसाच्या कंबरेने काढूच नये. तीन मजबूत वासे वर बांधून त्यांना चेन-कप्पी अडकवली की दोन माणसांत काम होते. कप्पी प्रत्येकाने घ्यावी असेही नाही, चार शेजाऱ्यांत एक पुरते. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोंच्या आसपास जातो. तो भुईवरून हिसक्याने पाठीवर घेण्याऐवजी बांधावर किंवा गाडीच्या फाळक्यावर ठेवून पट्टे अडकवावेत.

बाजारात कमरेचे रुंद पट्टे मिळतात. ते बांधले की दुप्पट ओझे झेपते असा समज आहे. धडधाकट माणसाला पट्ट्याने इजा टळते असे सिद्ध झालेले नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त उचलायला जातो. उचलण्याची पद्धत शिकवणारे वर्गही भरतात, पण नुसत्या वर्गांनी कंबरदुखी कमी होत नाही, असेच पाहण्यात आले आहे. फरक पडतो तो ओझे हलके केल्याने, उंची बदलल्याने, माणसाच्या जागी गाडा आणल्याने. मी वर दिलेल्या सूचना त्या मापानेच घ्याव्यात. पोते जड ठेवून माणसाला नीट वाकायला शिकवणे म्हणजे गळक्या घागरीला चुंबळ करण्यासारखे आहे.

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात आणि त्याच्याकडून कमरेवर लाथ मारून घेतात. हळू मारली तर ठीक, थोडी करमणूक होते. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय पायाळूला जाते. पण आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहणे हेही चूकच. झेपेल तसे चालत-फिरत राहिलेला माणूस लवकर सुधारतो. सुई टोचून घेऊन त्याच दिवशी पुन्हा ओझ्याखाली जाणे त्याहून वाईट. दुखणे थांबले म्हणजे इजा भरली असे नव्हे.

काही वेळा मात्र घरी थांबूच नये. कळ गुडघ्याखाली जाऊन पाऊल लुळे पडू लागले, मांड्यांच्या मधला किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. त्यात रात्र गेली तर कायमचे अधूपण येऊ शकते. जांघेत खोकताना फुगवटा दिसत असेल तर तो अंतर्गळ असू शकतो, डॉक्टरला दाखवावे. तो फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला आणि उलट्या लागल्या तर तेही तातडीचेच.

मोळीला माप नाही

पोत्याला माप आले, खताच्या गोणीवर किलो छापलेले असतात. ज्या उसाच्या जिवावर हे सारे चालते त्या उसाच्या मोळीला मात्र माप नाही. मोळी कोणी तोलत नाही. ती तीस-चाळीस किलोंची सहज भरते. ती डोक्यावर घेऊन, दवाने किंवा चिखलाने निसरड्या झालेल्या फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, ते बहुधा रात्री, गाडीच्या दिव्याच्या उजेडात. चाळीसची मोळी धरली तर दहा टनांच्या गाडीला अडीचशे खेपा. आणि या खेपा फक्त गडी करत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको. तोडलेला ऊस ती गोळा करते, मोळी ती बांधते, आणि फळीवरही चढते.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लगेच असे ओझे वाहण्याने बाईचे अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वर्तमानपत्रांत चार दिवस गाजले. त्या बायकांपैकी कित्येकींनी आपल्याच भागातल्या फडांत ऊस तोडला असेल, हे आपण सोयीस्कर विसरलो.

दहिसरच्या मामांना टोळीला सांगता आले की मी आता माळ्यावर चढत नाही. फडातल्या माणसाला हे सांगता येते का? मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. उचल घेतली म्हणून उचलत राहायचे. एक दिवस कंबर धरून कोपीत बसला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. आपली मर्यादा त्याला ठाऊक नाही असे नव्हे, ती पाळणे त्याला परवडत नाही. माथाडीला १९६९ साली कायदा मिळाला तो त्याला दाद मागायला जागा नव्हती म्हणून. तोडणी कामगारासाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. पण रात्री अकरा वाजता फडात महामंडळ नसते. तिथे असतो तो मुकादम, चिटबॉय आणि शेतमालक.

म्हणजे आपण. पाळी आली, गाडी लागली, आता एकदाचा ऊस जाऊ दे, या घाईत आपण कडेला उभे असतो. ड्रायव्हरला चहापाणी देतो, एंट्री देतो, तक्रार करत करत का होईना देतो. त्याच वेळी मुकादमाला दोन गोष्टी सांगता येतात. मोळी बारीक बांधा, खेपा थोड्या वाढल्या तरी चालतील, गाडी अर्धा तास उशिरा सुटेल. पोटुशी बाई असेल तर तिला फळीवर चढवू नका, ती खाली वाढे बांधू दे, आणि त्या दिवसाचा खाडा लावू नका. मुकादम कुरकुर करील. पण ज्याच्या रानात उभा आहे त्याचे तो अगदीच मोडत नाही.

आणि फळी. टोळीकडे असते ती दहा-बारा इंचांची, झिजलेली, मधोमध वाकलेली. दीड फूट रुंदीची जाड फळी, तिच्यावर फूटभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि शेजारी टांगायला एक दिवा, एवढे सामान बहुतेकांच्या गोठ्यात पडलेले असते. तोडीची चिठ्ठी आली की ते आदल्या दिवशीच बांधावर नेऊन ठेवावे.